मगदूम अण्णांचा नियम

मगदूम अण्णा खुर्चीवरून उठले की आमच्या कार्यालयात कुणी घड्याळाकडं बघत नसे. पाच वाजले असणारच. थंडीच्या दिवसांत साडेचार. उठायचे, टेबलावरचं फुलपात्र पालथं घालायचे, कॉम्प्युटरवर कापड टाकायचे आणि "येतो हं, अनुजाताई" म्हणून स्टँडचा रस्ता धरायचे. तिथून पेठ वडगावची एसटी. घरी पोचून दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, कारण मावळल्यावर पाण्याचा थेंबसुद्धा घ्यायचा नाही असा त्यांचा नियम होता. कुंभोजच्या बाहुबलीला जैन मुनिमहाराजांच्या पायाशी बसून घेतलेला.

या नियमाबद्दल त्यांना केवढा मान! आमची शिक्षण संस्था आहे. शाळा जिल्हाभर आणि मुख्य कार्यालय शाहूपुरीत. मी तिथं हिशेब बघते आणि माझ्या शेजारच्या टेबलावर अण्णा निवृत्त शिक्षकांचं सगळं बघायचे. आधीच्या सचिवांनी केवळ अण्णांसाठी महिन्याची बैठक संध्याकाळची दुपारी आणली होती. भांडार सांभाळणारे बाळासो बोरगावे स्वतः जैन, पण रात्री दहाला ताटावर बसणारे. ते म्हणायचे, "आमी नावाचे जैन, अण्णा कामाचे." मला मात्र या नियमाची गंमत वाटायची. आमच्या घरात नवाच्या आत कुणी पानं मांडली तर कोण आजारी आहे म्हणून विचारतात.

अण्णांची मुलगी ऐश्वर्या तर बापाच्या अगदी उलटी. राजारामपुरीत एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. दुकानातून सुटली की मैत्रिणींना घेऊन रंकाळ्यावर भेळ खाणार, आणि मग अंधारातून स्कूटी हाणत वडगावला जाणार. एकदा बापाला डबा द्यायला आली तेव्हा मी तिला टोचलं, की तू कधी घेणार नियम? तर हसून म्हणाली, "अण्णांचा नियम अण्णांना लखलाभ काकू. मला भेळीबिगर झोप येत न्हाय."

अण्णांचा आणखी एक नखरा आम्ही चालवून घेतला होता. त्यांचा कॉम्प्युटर. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पडदा काळाकुट्ट, त्यावर पिवळी अक्षरं, आणि ती अशी थोराड, की दाराशी बसलेल्या शिपायालाही वाचता यावीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "सवय हो. असं काम झटाझट होतंय." आणि व्हायचंही. राधानगरीच्या मास्तरांपासून शिरोळच्या बाईंपर्यंत कुणाचं काय अडलंय ते त्यांना तोंडपाठ असायचं. खंडेनवमीला सगळ्यांत मोठा हार त्यांच्याच यंत्राला. मी म्हणायची, "अण्णा, हा कॉम्प्युटर तुम्हाला दत्तक दिलाय का?" ते नुसते हसायचे.

मग महापूर आला. शाहूपुरीत पाणी शिरलं आणि आमचा तळमजला खुर्च्यांच्या पाठीपर्यंत बुडाला. कॉम्प्युटर चिखलातून काढले, वाळवले, काही चालले, बरेच नाहीत. अण्णांचा मात्र चालला. त्यांनी तो पाणी चढायच्या आधी स्वतः उचलून माळ्यावर नेऊन ठेवला होता. नवे सचिव अमरसिंह तरुण आणि हुशार माणूस. त्यांनी ठरवलं, पुन्हा हे सोसायचं नाही. टेबलावर काही ठेवायचंच नाही. सगळं वरच्या मजल्यावर एका थंड खोलीत, सर्व्हरमध्ये. खाली प्रत्येकाला फक्त पडदा, कीबोर्ड आणि पडद्यामागं चिकटवलेली जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी. तिचं नाव झीरो क्लायंट.

हे सगळं बसवायला कंपनीकडून धवल नावाचा इंजिनीअर आला. गुणी मुलगा, पण बोलायला लागला की थांबायचा नाही. "यात काही म्हणजे काहीच नाही बघा. डिस्क नाही, पंखा नाही, विंडोज नाही. तुमचं सगळं वर असतं. इथं नुसतं चित्र येतं. उद्या पूर आला आणि पेटी बुडाली, तर दुसरी लावायची. काम जिथं थांबलं तिथून पुढं."

वस्तू वाईट नव्हती, हे मी आधीच सांगून टाकते. खडखड गेली, उकाडा गेला. कुठल्याही टेबलावर बसा, आपलं नाव आणि पासवर्ड घाला, आपलं काम हजर. पण एक गोष्ट होती. संध्याकाळी बाहेर पडलं की केलेलं काम तेवढं जपून ठेवलं जायचं आणि बाकी सगळं पाटीसारखं पुसलं जायचं. सकाळी प्रत्येकाला कोरा, एकसारखा पडदा. मी हौसेनं नातवाचा फोटो लावायची, तो रोज सकाळी गायब. धवल म्हणाला, "सेटिंग सगळ्यांना एकच आहे काकू. म्हणजे बिघाड होत नाहीत." मी म्हटलं, "माझा नातू म्हणजे बिघाड व्हय रे?" सगळे हसले. अण्णा हसले नाहीत.

जुने कॉम्प्युटर भंगाराच्या टेम्पोत चढले त्या दिवशी अण्णा सचिवांच्या खोलीत गेले. अण्णांनी काही मागितलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. दार उघडं होतं, ऐकू आलं. "साहेब, माझा एवढा ऱ्हाऊ दे. चालतोय की तो." अमरसिंह समजावून म्हणाले, "अण्णा, एकाचा ठेवला तर उद्या सगळे मागतील. आणि तुम्हाला काय कमी आहे नव्यात?" अण्णा वळले. बाहेर येऊन बराच वेळ टेम्पोपाशी उभे होते. मला वाटलं, म्हातारपणचा हट्ट.

त्या वर्षीची खंडेनवमी हसून हसून लक्षात राहिली. पेटीला हळदकुंकू लावायचं तर ती पडद्याच्या पाठीमागं, भिंतीकडं. बाळासो म्हणाले, "आत काय न्हायच म्हंतोय, मग पूजा कुणाची? चला वर." सगळी वरात हार, नारळ, उदबत्त्या घेऊन थंड खोलीकडं निघाली, आणि धवल दोन्ही हात पसरून दारात उभा! पाणी नको, धूर नको, नारळ तर मुळीच नको. शेवटी नारळ उंबऱ्याबाहेर फुटला. अण्णा खालीच थांबले होते. त्यांनी त्यांच्या टेबलावरची जुन्या कॉम्प्युटरची चौकोनी खूण हातानं पुसली आणि तिथं एक फूल ठेवलं.

नंतर अण्णा बदलत गेले. सकाळी आमच्या आधी यायचे. मी आले की त्यांचं नाक काचेला टेकलेलं दिसायचं. पत्रं वगैरे लिहिताना तेवढ्यापुरती अक्षरं मोठी करता यायची, पण निवृत्त शिक्षकांच्या नोंदींची जी प्रणाली होती तिच्यात ते चालत नसे. पांढऱ्या पडद्यावर मुंगीएवढी अक्षरं, ओळीला चिकटून ओळ. ड्रॉवरमध्ये त्यांनी एक भिंग ठेवलेलं. कुणी आलं की ड्रॉवर बंद. मी म्हटलं, "अण्णा, चष्म्याचा नंबर वाढलाय. दाखवून या." म्हणाले, "जातो की."

आणि मग एके दिवशी राधानगरीचे गणपतराव मुख्याध्यापक बायकोला घेऊन कार्यालयात आले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, पण आवाज अजून शाळेच्या पटांगणावरचा. दारातूनच ओरडले, "कोन म्हंतंय मी मेलोय?"

झालं होतं असं, की संस्थेतला कुणी निवृत्त शिक्षक वारला की घरच्यांना शोकसंदेशाचं पत्र जातं. नोंदीत 'मयत' अशी खूण केली की पत्र आपोआप निघतं. गेलेला माणूस होता यादीतल्या खालच्या ओळीतला. खूण झाली वरच्या ओळीवर. आणि कैलासवासी गणपतरावांच्या निधनानं संस्थेची कधीही न भरून येणारी हानी झाल्याचं पत्र पोस्टमननं खुद्द गणपतरावांच्या हातात दिलं.

"हिनं पत्र वाचलं," गणपतराव बायकोकडं बोट करून म्हणाले, "आन् मला इचारती, मग आता च्या कुनाला करू?"

सगळं कार्यालय खो खो हसलं. त्यांची बायको मात्र हसत नव्हती. पदरानं डोळे पुसत होती. "हसू नगासा," ती म्हणाली. "कागद बगून मी ह्यास्नी हात लावून बगितलं. मानूस म्होरं बसलंय ठावं असून." त्यावर हसू आपोआप थांबलं. अण्णा उठले, गणपतरावांच्या पायाला हात लावला आणि म्हणाले, "चूक माझी हाय सर." आयुष्यात अण्णांच्या हातून नावाची चूक झाली नव्हती.

अमरसिंहांनी त्यांना बोलावून घेतलं. कुठं कुठं अशा चुका झाल्या असतील ते तपासा, आजच, आणि मला दाखवूनच जा. बरोबरच होतं त्यांचं. पण दिवस थंडीचे. साडेचार झाले, पाच झाले, खिडकीबाहेरचा उजेड मावळला, अण्णा तसेच भिंग घेऊन बसलेले. मी मुद्दाम थांबले होते. साडेसहाला ते उठले. व्हरांड्यातला दिवा गेला होता. मी पुढं होते. मागं धप्प आवाज आला. वळून बघते तर अण्णा भिंतीला दोन्ही हात लावून उभे, आणि रोज ज्या काचेच्या दारातून जायचे त्याच दारावर कपाळ आपटलेलं.

"अण्णा, दार दिसलं नाही?"

"न्हाय ताई."

"आणि मी?"

"तुमचा आवाज हाय." माझ्या खांद्याच्या पलीकडं कुठंतरी बघत ते म्हणाले.

मी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं आणि स्टँडवर रिक्षानं नेलं. एसटीची वाट बघताना बाकावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार. आधी रात्रीचं दिसायचं बंद होतं, मग कडेचं दिसणं आत आत येत जातं. त्यांच्या वडिलांना होता. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषध नाही, जपून वापरा. काळ्यावर पिवळं वाचता येतं हे त्यांनी स्वतःच शोधून काढलेलं. त्या एका कॉम्प्युटरवर त्यांनी आपलं जग मोठ्या अक्षरांत मांडून घेतलं होतं, कुणाला न विचारता. आता विचारल्याशिवाय एक अक्षर मोठं होत नव्हतं, आणि विचारायचं तर कारण सांगावं लागणार.

"मग सांगा की! काय खून केलाय का तुम्ही?" माझा आवाज चढला. बाकावरची माणसं बघायला लागली.

"हळू बोला ताई. घराण्यातनं येतंय म्हंतात ते. ऐश्वर्याचं ठरत आलंय."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. ऐश्वर्याला बघून गेलेला मुलगा वृषभ, जयसिंगपूरचा, बी-बियाणांचं दुकान, माणसं चांगली. आणि तो वृषभ आमच्या बाळासोंच्या बहिणीचा, आक्कांचा मुलगा. बाळासोंनीच हे स्थळ सुचवलं होतं. कार्यालयात जे कळेल ते संध्याकाळच्या आत जयसिंगपूरला पोचणार.

"ऐश्वर्याला माहीत आहे?"

"माझं हाय ठावं तिला. पर तिचं स्वतःचं अजून काय न्हाय. बघताय न्हवं, रात्रीची गाडी चालवती." त्यांनी दोन्ही हात जोडले. "लगीन होऊ दे. मग साहेबास्नी सांगतो की, वेळ आली की."

मला राग आला होता, पण कुणाचा ते कळेना. मग मी जे विचारू नये ते विचारलं. "आणि नियम, अण्णा? तो खोटाच म्हणायचा का?"

 "आधी डोळा गेला, मग नियम घेतला. लोकास्नी लौकर घरी जायाचं कारण सांगायला घेतला, हे खरं. पर महाराजांच्या म्होरं घेतला तो घेतला. आजपातूर मोडला न्हाय." वडगावची गाडी लागली. कंडक्टरनं त्यांना हात देऊन वर घेतलं. त्याला सवय असावी.

मी कुणाला बोलले नाही. पण डोळे धवललाही होते. अण्णांचं नाक काचेला टेकलेलं त्यानंही पाहिलं आणि त्या भल्या पोरानं कुणाला काही न विचारता अण्णांसाठी वर सर्व्हरवर मोठ्या अक्षरांची सोय केली. अण्णांना अचानक आनंद द्यायचा म्हणून. आणि करताना चुकला.

सोमवारी सकाळी आम्ही सगळ्यांनी आपापलं नाव घातलं आणि सगळ्यांचे पडदे काळे झाले. त्यावर पिवळी, हाताएवढी अक्षरं. एका नोंदीनं पडदा भरून गेला. कुणी ओरडलं व्हायरस आला, कुणी म्हणालं सचिवांना चष्मा लागला. बाळासो भांडारातून धावत आले, "माझी यादी बगा, कोल्हापूर ते सांगली बोर्ड लावल्यागत!" एवढ्या गोंधळात एकट्या अण्णांचा चेहरा उजळलेला. ते खुर्चीत मागं टेकून, नाक कुठंही न टेकवता वाचत होते. किती दिवसांनी.

धवल जिन्यावरून धापा टाकत आला. "सॉरी, सॉरी! हे एकट्या मगदूम अण्णांच्या नावाला लावायचं होतं, सगळ्या गटाला लागलं. त्यांना दिसत नाही ना नीट!"

 मला त्या क्षणी त्या पोराचा गळा धरावासा वाटला. बाळासो हळूच वळले. माणूस चांगला, पण भाच्याचा मामा. "अण्णा, डोळ्याला काय झालंय वो?"

 मग मी बोलले. माझं तोंड फटकळ आहे हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कुणाला संशय आला नाही. "मोतीबिंदू! दुसरं काय होणार या वयात? ऑपरेशनला घाबरतात, म्हणून सांगत नाहीत. बाळासो, तुमचा नाही का मागल्या वर्षी काढला? तेव्हा आम्ही वाजंत्री लावली होती का?"

सगळे हसले. बाळासोही हसले. "हात तिच्या! अण्णा, मोतीबिंदूला काय भ्यायचं?"

मी खोटं बोलले. वेळ आली असती तर पुन्हा बोलले असते. अमरसिंहांनी स्वतः येऊन सांगितलं, ऑपरेशन होईपर्यंत अण्णांना मोठी अक्षरं राहू देत. पुढचे काही आठवडे अण्णा पहिल्यासारखे झाले. राधानगरीला फोन करून गणपतरावांची चौकशी करायचे. दुपारच्या डब्यातली थालीपीठं मला द्यायचे. मी मनात म्हणत होते, बघा, एका खोट्यानं किती जणांचं भलं झालं.

पण मोतीबिंदू म्हटल्यावर तो काढावा लागतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बाळासोंनी ते मनावर घेतलं. होणारे व्याही ना! समाजाचं शिबिर जयसिंगपुरात आहे, मी नाव घालतो, गाडी पाठवतो, आक्का जेवणाचं बघेल. रोज नवा प्रस्ताव. अण्णा आज सर्दी म्हणायचे, उद्या बीपी. शेवटी एका शुक्रवारी म्हणाले, "मिरजेत करून घेतो, माझे डॉक्टर हाईत तितं." आठवडाभर रजा टाकली आणि घरी बसून राहिले. सोमवारी काळा गॉगल लावून आले. आधीच दिसत नव्हतं, त्यात तो काळा गॉगल. शिपायाला बाळासो समजून त्यांनी नमस्कार केला. बाळासोंनी पेढे वाटले.

आणि धवलनं, खरंच आनंदानं, वरून ती सोय काढून टाकली. "अभिनंदन अण्णा! आता तुम्हाला पण सगळ्यांसारखं." पडदा पांढरा झाला. मुंगीएवढी अक्षरं परत आली. अण्णा काळ्या गॉगलमधून त्या पांढऱ्याकडं बघत राहिले. मी माझ्या टेबलावरून बघत होते. जेवढं बोलायचं तेवढं मी आधीच बोलून बसले होते.

त्याच दुपारी मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. "चला माझ्याबरोबर. अमरसिंहांना सगळं सांगू. माणूस वाईट नाही. ठेवून घेतील तुम्हाला."

"ठिवून घेतील की. पर बाळासो काय आंधळा न्हाय." ते हसले. "दोन वर्सं ऱ्हायलीत नोकरीची. जाऊ देत. बाहुबलीला सेवा करायची म्हंतो, सगळ्यास्नी पटंल." त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. सगळ्यांना पटलं. एवढा नियमाचा माणूस, बाहुबलीलाच जाणार! शाल-श्रीफळाचा कार्यक्रम अर्थातच दुपारी तीनला झाला. जाताना त्यांनी पडद्यामागं हात घालून ती पेटी चाचपली. "ह्यात काय न्हाय म्हणतो धवल. खरंच हाय. धरून ठिवाय काय न्हाय."

साखरपुडा माघात वडगावातच झाला, एका मंगल कार्यालयात. अण्णांच्या नियमासाठी जेवणं उजेडातच उरकली होती. अण्णा नव्या फेट्यात, आक्का आणि बाळासो पाहुण्यांच्या सरबराईत, आणि ऐश्वर्या खरंच देखणी दिसत होती. वृषभ तिच्याकडं बघून विनाकारण हसत होता. मी अण्णांच्या शेजारी बसून त्यांना सांगत होते कोण आलं, कुणी काय नेसलंय. त्यांचा चेहरा इतका निवांत होता, की मी मनातल्या मनात माझं ते खोटं माफ करून टाकलं.

दिवेलागण झाली. वृषभच्या चुलत भावंडांनी टूम काढली, नवरानवरीला घेऊन कोल्हापूरला जायचं, रंकाळ्यावर भेळ खायची. मी म्हटलं, हिला काय, उड्या मारत जाईल.

ऐश्वर्या म्हणाली, "मला नको. तुम्ही जाऊन या. मी दिवस मावळल्यावर काय खात न्हाय. नियम घेतलाय."

आक्कांनी तिच्या चेहऱ्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. "बगा गं बायांनो! लगीन व्हायच्या आदीच नियम. बापाची लेक शोभती!" बाळासो आजूबाजूच्यांना अभिमानानं सांगायला लागले. सगळीकडून कौतुक. मी अण्णांकडं पाहिलं. फेट्याखाली त्यांचा चेहरा आवाजाच्या दिशेनं वळला होता आणि सगळा रंग उतरला होता.

"कधीपासनं, ऐशू?" त्यांनी विचारलं.

"संक्रांतीपासनं, अण्णा."

गर्दी पांगली तशी मी तिला बाजूला घेतलं. "स्कूटी कुठं आहे तुझी?"

"विकली." तिनं नजर खाली घातली. "एकदा खड्ड्यात गेले, काकू. खड्डा दिसलाच न्हाय. मग मिरजेला जाऊन आले, एकटीच."

"वृषभला सांगितलंस?"

"सांगते की काकू. वेळ आली की."

शब्द बापाचे होते, सूरसुद्धा. स्टँडवरच्या त्या बाकावर ऐकलेला. मला तिला दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं आणि पोटाशी धरावं असंही वाटलं. दोन्हींतलं काहीच केलं नाही. त्या हसऱ्या पोराला हे कळायला हवं, हे मला दिसत होतं. पण मोतीबिंदू म्हणून मोठ्यानं ओरडणारी मी, तिला कोणत्या तोंडानं खरं बोल म्हणून सांगणार होते? एवढंच म्हणाले, "लग्नाआधी सांग, पोरी. बापासारखं आयुष्य काढू नको." तिनं मान हलवली. सांगेल का, ते मला आजही माहीत नाही.

मंगल कार्यालयाच्या दारापासून गाड्यांपर्यंत उतरत्या पायऱ्या होत्या आणि तिथं उजेड नव्हता. ऐश्वर्यानं अण्णांचा हात धरला. बघणाऱ्यांना वाटलं, लेक म्हाताऱ्या बापाला सांभाळून नेतेय. मला दिसत होतं, की दोघंही पाय टाकण्याआधी जमीन चाचपतायत.

मी त्यांच्या पुढं झाले आणि मोठ्यानं बोलायला लागले. "पायरी आली. आणखी एक. इथं दगड आहे, सांभाळून." मागं कुणीतरी हसलं, ही बाई म्हणजे लाउडस्पीकर. हसू दे. गाडीपर्यंत मी तशीच ओरडत गेले.